निळ्या-हिरव्या अंड्यांची एक खेप: चोवीसातून अकराच पिल्ले का निघाली, आणि निम्म्या तलंगांनी तपकिरी अंडी का घातली

खटाव तालुक्यात, वडूजच्या बाजूला एक शेतकरी कुटुंब. दारात आठ गावरान कोंबड्या, एक कोंबडा आणि पंखा असलेले ४८ अंड्यांचे घरगुती हॅचिंग मशीन. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी परराज्यातल्या एका हौशी पाळणाऱ्याकडून ‘अमेरोकाना’ (निळी अंडी घालणारी परदेशी जात) या नावाने २४ अंडी उबवणीसाठी मागवली. काही फिकट निळी होती, बरीचशी हिरवट. खाण्याच्या अंड्याच्या कितीतरी पट भाव दिला. मे महिन्यात ११ पिल्ले निघाली: ६ तलंगा (तरण्या कोंबड्या), ५ कोंबडे. दिवाळीच्या सुमारास तलंगा अंड्यावर आल्या, तेव्हा तिघींनी हिरवट अंडी घातली आणि तिघींनी साधी तपकिरी. घरच्यांचा पहिला समज झाला की मशीन खराब आहे आणि विकणाऱ्याने फसवले.

हे प्रकरण कोण्या एका घराचे जसेच्या तसे वर्णन नाही. सातारा-सांगलीकडे अशी अंडी मागवणाऱ्या छोट्या पाळणाऱ्यांपुढे जे वारंवार येते, ते एकत्र बांधून केलेला हा नमुना आहे. इथे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पिल्ले कमी का निघाली, याचे उत्तर साठवण, प्रवास आणि मशीनमधल्या ओलाव्यात आहे. तपकिरी अंडी का आली, याचे उत्तर बापात आहे. अंड्याच्या कवचाचा रंग यांपैकी एकाही गोष्टीची हमी देत नाही, आणि घेणारा मात्र नेमका तोच रंग बघून पैसे मोजतो.

न निघालेली अंडी फोडून पाहणे

न निघालेले अंडे उकिरड्यावर टाकले की कारणही त्याच्याबरोबर गेले. प्रत्येक अंडे बाहेर अंगणात, हातमोजे घालून, रुंद टोकाकडून फोडायचे आणि पांढऱ्या ताटलीत अलगद सोडायचे. सातव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात रिकामी दिसलेली अंडीसुद्धा अशीच फोडायची. या खेपेचा हिशेब असा लागला: २ अफलित, ६ पहिल्या चार दिवसांत मेलेली, १ बारीक चीर असल्याने नासलेले, ४ शेवटच्या तीन दिवसांत मेलेली, ११ पिल्ले. म्हणजे फलित अंडी २२ आणि त्यांतली निम्मी निघाली. लांबून प्रवास करून आलेल्या अंड्यांना निम्मा निकाल मिळणे अगदीच वावगे नाही. तरीही यातली बरीच हानी टाळता आली असती.

अफलित आणि लवकर मेलेले यांतला फरक नीट पाहायला शिकले पाहिजे, कारण दोन्ही उजेडात सारखीच रिकामी दिसतात. अफलित अंड्याच्या बलकावर दोनेक मिलिमीटरचा, गच्च पांढरा, कडा ओबडधोबड असलेला ठिपका असतो. फलित अंड्यात तोच ठिपका तीन-चार मिलिमीटरचा, गोल आणि कडीसारखा असतो. मधला भाग जरा पारदर्शक दिसतो. या सहांपैकी चार अंड्यांत तो ठिपका पसरून नखाएवढा दुधी पडदा झाला होता, पण रक्ताची एकही रेघ नव्हती. म्हणजे गर्भ वाढायला लागला आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशीच थांबला. उरलेल्या दोहोंत बलकाभोवती लाल कडे होते. रक्तवाहिन्या तयार झाल्या आणि दोन ते चार दिवसांच्या आत जीव गेल्याची ती खूण. गर्भाचा काळा डोळा एकाही अंड्यात नव्हता. तो दिसला असता तर मरण पाचव्या दिवसानंतरचे मानावे लागले असते.

घरच्यांनी विक्रेत्याला फोन करून ‘तुमचा कोंबडा नीट नाही’ असे सुनावले होते. आकडे तसे म्हणत नाहीत. २४ पैकी २२ फलित म्हणजे कोंबडा कामाचा होता. लवकर मेलेल्या सहांचे नुकसान अंडे घातल्यानंतर आणि मशीनमध्ये जाण्यापूर्वी झाले.

एप्रिलचा उन्हाळा आणि साठवण

अंडे घातले जाते तेव्हा गर्भाची वाढ सुरू झालेलीच असते. बाहेर गार पडले की ती थांबते आणि ऊब मिळाली की पुढे चालते. साधारण २४-२५ अंशांच्या वर ठेवलेल्या अंड्यात ही वाढ पुरती थांबत नाही. ती कूर्मगतीने, वेडीवाकडी चालू राहते, आणि असा दमलेला गर्भ मशीनमध्ये ठेवल्यावर एक-दोन दिवसांत मरतो. या खेपेतली अंडी विक्रेत्याने बारा दिवस गोळा केलेली होती (हे विचारल्यावर कळले), खोलीचे तापमान तिशीच्या पुढे होते आणि पुढे ट्रॅव्हल्सच्या डिकीतून दोन रात्रींचा प्रवास. तो दुधी पडदा नेमके हेच सांगत होता.

उबवणीची अंडी १५ ते १८ अंशांत, ७५ टक्क्यांच्या आसपास ओलाव्यात, जास्तीत जास्त सात दिवस ठेवावीत. एवढी गार जागा एप्रिलमध्ये खटाव, माण, जत किंवा कवठेमहांकाळला एसीशिवाय मिळत नाही. घरचा फ्रीज चार-पाच अंशांवर असतो, तो उबवणीच्या अंड्यांना जास्त गार होतो. दुष्काळी पट्ट्यात माठाचा उपाय चालतो: मोठ्या पाटीत वाळू, वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला माठ, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी, माठात तळाला कोरडे भाताचे तूस आणि त्यावर अंडी, तोंडावर ओले फडके. हवा कोरडी असल्याने पाणी भराभर उडते आणि आतले तापमान खोलीपेक्षा कित्येक अंशांनी खाली येते. पाटण-कोयनेच्या पावसाळ्यात हाच माठ काही करत नाही, कारण तिथे पाणी उडतच नाही. माठातली अंडीही चार-पाच दिवसांच्या वर ठेवू नयेत. आमचे स्पष्ट मत असे की साताऱ्याच्या पूर्व भागात आणि सांगलीच्या जत-आटपाडीकडे मार्च ते मे या काळात बाहेरून उबवणीची अंडी मागवूच नयेत. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी धरावा.

प्रवास करून आलेल्या अंड्यांना मशीनमध्ये घालण्यापूर्वी एक दिवस विसावा द्यावा. निमुळते टोक खाली, रुंद टोक वर, गार खोलीत. धक्क्यांनी रुंद टोकातली हवेची पिशवी सुटलेली असते. टॉर्च लावून अंडे तिरके केले तर ती बुडबुड्यासारखी सरकताना दिसते. अशा अंड्यांना मशीनमध्येही पहिले दोन-तीन दिवस फिरवू नये. या घरात पार्सल संध्याकाळी आले आणि त्याच रात्री अंडी आडव्या, फिरत्या ट्रेमध्ये गेली.

चिरलेले एक अंडेही टॉर्चने आधीच दिसले असते. नासके अंडे मशीनमध्ये फुटले तर सगळी खेप घाण होते, म्हणून ही तपासणी वगळू नये. मळलेली अंडी धुऊ मात्र नयेत. गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. फार मळ असेल तर ते अंडे उबवणीला घेऊच नये. थोडा असेल तर कोरडा खरवडावा.

शेवटची चार: भरलेली, ओली, अडकलेली

चारही अंड्यांत पूर्ण वाढलेले पिल्लू होते. तिघांची मान सुजलेली, अंग चिकट, अंड्यात पाणी, बलक पोटात पुरता ओढला न गेलेला आणि हवेची पिशवी लहान. हे पाणी जास्त झाल्याचे लक्षण आहे. चौथ्याचे डोके निमुळत्या टोकाला होते. पिल्लाचे डोके उजव्या पंखाखाली आणि रुंद टोकाकडे असावे लागते, म्हणजे विसाव्या दिवशी चोच हवेच्या पिशवीत जाऊन पहिला श्वास घेता येतो. या अंड्यांपैकी काही जवळजवळ गोल होती. अशा अंड्याचे रुंद टोक डोळ्याने ओळखता येत नाही. टॉर्चने हवेची पिशवी शोधून त्या टोकाला शिसपेन्सिलीने फुली मारावी आणि ते टोक निमुळत्या टोकापेक्षा कधीही खाली जाऊ देऊ नये.

ओलाव्याची गोष्ट जरा सविस्तर. ‘उन्हाळा आहे, हवा कोरडी आहे’ म्हणून घरच्यांनी पहिल्या दिवसापासून मशीनमधल्या दोन्ही पन्हाळ्या भरून ठेवल्या आणि वाफ जाऊ नये म्हणून हवेची भोके जवळजवळ बंद केली. मीटर ६८ टक्के दाखवत होता. पहिल्या अठरा दिवसांत ४५ ते ५५ टक्के पुरतात. शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. अंड्यातून ठरावीक पाणी उडालेच पाहिजे, नाहीतर हवेची पिशवी मोठी होत नाही आणि पिल्लाला वळायला, श्वास घ्यायला जागा राहत नाही. हे मोजायला किराणा दुकानात असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. अठराव्या दिवसापर्यंत वजन ११ ते १३ टक्के उतरले पाहिजे. या खेपेत अंड्याचे सरासरी वजन सुरुवातीला ५२ ग्रॅम होते. ते ४६ ग्रॅमच्या आसपास यायला हवे होते, पण अठराव्या दिवशी ४८.६ भरले. उतार साडेसहा टक्के, म्हणजे जेमतेम निम्मा. सातव्या दिवशी ट्रे तोलला असता तरी हे कळले असते: तोवर साधारण साडेचार टक्के उतार हवा. कमी असेल तर एक पन्हाळी कोरडी करायची, भोके उघडायची. जास्त असेल तर पाणी वाढवायचे.

पावसाळ्याबद्दल उलटा गैरसमज आहे. पाटणला जुलैत बाहेर ९० टक्के ओलावा असला, तरी तीच २४ अंशांची हवा मशीनमध्ये ३७.६ अंशांपर्यंत तापली की तिचा ओलावा साधारण ४१ टक्क्यांवर येतो. त्यामुळे तिथेही मशीन अगदी कोरडे ठेवून चालत नाही, थोडे पाणी लागते. जतच्या एप्रिलमध्ये बाहेरचे २० टक्के आत आल्यावरही साधारण २० टक्केच राहतात. तिथे जास्त पाणी लागते. आकडा मीटरवर बघायचा, ऋतूवर नाही.

आणि मीटरवरही आंधळा विश्वास नको. एका बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते पिठासारखे भिजेल एवढेच पाणी घाला, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. मीटरने ७५ दाखवले पाहिजे. ८१ दाखवत असेल तर तो सहाने जास्त सांगतो आहे, तेवढे वजा करून वाचावे. तापमानासाठी घरातला ताप मोजायचा थर्मामीटर चांगला साक्षीदार आहे. पंख्याच्या मशीनला अंड्याच्या पातळीवर ३७.५ ते ३७.७ अंश हवेत, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९९.५ ते ९९.९. पंखा नसलेल्या पेटीत अंड्याच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.८ ठेवतात, कारण तिथे वर ऊन आणि खाली गार असे थर पडतात. लाइट गेल्यावर मशीन उघडू नका, वर गोधडी टाका, भोके झाकू नका. तासा-दोन तासांच्या थंडीने अंडी मरत नाहीत. दुपारच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेले मशीन चाळिशीपर्यंत तापले तर मात्र हमखास मरतात.

रंगीत कवचाची एक खास अडचण म्हणजे उजेडात आतले दिसत नाही. पांढऱ्या अंड्यात सातव्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा स्वच्छ दिसतात. हिरव्या कवचातून नुसती अंधुक सावली कळते. अंधाऱ्या खोलीत जोरदार एलईडी टॉर्च घ्या, बोटांनी कडा झाका, आणि शंका असलेल्या अंड्यावर प्रश्नचिन्ह काढून ते परत ठेवा. दहाव्या दिवशी पुन्हा पाहा. सातव्याच दिवशी जिवंत हिरवी अंडी काढून टाकल्याचे प्रकार बरेच होतात.

तपकिरी अंडी कुठून आली

निळा रंग एकाच जनुकाचा खेळ आहे आणि तो प्रबळ आहे. आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी १९३३ मध्ये हे मांडले. २०१३ मध्ये त्यामागचे कारणही सापडले: फार पूर्वी कोंबडीच्या जनुकसंचात शिरलेल्या एका विषाणूचा तुकडा एका जनुकाशेजारी बसला आणि अंडाशयनलिकेच्या कवच घडवणाऱ्या भागात बिलिव्हर्डिन हे निळे-हिरवे द्रव्य कवचात उतरू लागले. चिलीकडच्या आणि चीनमधल्या कोंबड्यांत हे वेगवेगळे घडले. हे द्रव्य कवचाच्या आरपार जाते. तपकिरी रंग मात्र शेवटी वरून चढतो आणि तो अनेक जनुकांवर चालतो. निळ्यावर हलका तपकिरी चढला की हिरवे, गडद चढला की ऑलिव्ह.

यावरून एक साधी परीक्षा निघते. अंडे फोडून कवचाच्या आतला पातळ पापुद्रा सोला. आतून निळसर दिसले तर ते खरे निळ्या जनुकाचे अंडे. आतून पांढरे असेल तर वरचा रंग काहीही असो, तो जनुक तिथे नाही. बाजारात रंग चढवून विकलेले अंडेही याच परीक्षेत उघडे पडते.

आता या घरच्या तलंगा. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक प्रत निळी असली तरी कोंबडी रंगीत अंडे घालते. म्हणून हिरवे अंडे घालणारी कोंबडी पुरती शुद्ध आहे की अर्धी, हे तिच्या अंड्यावरून कळत नाही. कोंबडा तर अंडे घालतच नाही. तपकिरी अंडे घालणारी एकही तलंग निघाली तर एवढे सिद्ध होते की तिला दोन्ही बाजूंनी बिनरंगाची प्रत मिळाली. म्हणजे आईही अर्धी आणि बापही निदान अर्धा. सहापैकी तीन तपकिरी आल्याने बाप पुरताच बिनरंगाचा असावा असे वाटते, कारण तशा जोडीत निम्म्या मुली तपकिरी येतात. पण सहा हा आकडा लहान आहे. आईबाप दोघे अर्धे असते तर तपकिरी पाव अपेक्षित. तरीही सहापैकी तीन किंवा जास्त तपकिरी येण्याची शक्यता साधारण सतरा टक्के उरते. नुसत्या मोजणीवर विक्रेत्याला दोषी धरता येत नाही.

तुऱ्याने जास्त सांगितले. अमेरोकाना आणि अरौकाना या जातींत तीन बुटक्या ओळींचा, वाटाण्यांच्या शेंगेसारखा तुरा असतो, आणि त्याचे जनुक निळ्या जनुकाच्या अगदी शेजारी बसलेले आहे. दोन्ही बहुतेक एकत्रच पुढे जातात; शंभरात तीन ते पाच वेळा फाटाफूट होते. या खेपेत हिरवी अंडी घालणाऱ्या तिन्ही तलंगांना वाटाणा तुरा होता आणि तपकिरी घालणाऱ्या तिघींना साधा एकेरी दातेरी. कोंबड्यांत तिघांना वाटाणा, दोघांना एकेरी. अकरांत पाच एकेरी तुरे पाहता बाप एकेरी तुऱ्याचा असण्याची शक्यता जास्त, बहुधा विक्रेत्याच्या अंगणातला दुसराच कोंबडा. मोकळ्या अंगणात हे सहज होते, त्यासाठी फसवणूकच असायला हवी असे नाही. कोंबडी एकदा मिळालेले वीर्य दोन आठवडे, कधी त्याहून जास्त वापरते. नको असलेला कोंबडा काढल्यावर तीन आठवडे अंडी उबवणीला घ्यायची नाहीत, हा नियम म्हणूनच आहे.

इथे आपल्या भागातला एक खड्डा सांगितलाच पाहिजे. असील या झुंजीच्या जातीलाही वाटाणा तुरा असतो आणि असील निळे अंडे घालत नाही. सांगली-साताऱ्याच्या गावरान कोंबड्यांत असील रक्त बरेच मिसळलेले आहे. समोरची बाजू असीलची असेल तर पिल्लाच्या वाटाणा तुऱ्यावरून निळ्या जनुकाचा काही बोध होत नाही. ही खूण फक्त एकेरी तुऱ्याच्या गावरान जोडीतच वापरावी. क्रीम लेगबार या जातीत तर निळे अंडे आणि एकेरी तुरा एकत्र येतात. तिथे ही खूण अजिबात लागू नाही.

नावांचीही गल्लत होते. अमेरोकानाला शेपूट असते, गालांवर आणि हनुवटीखाली पिसांची दाढी. खऱ्या अरौकानाला कानाजवळ पिसांचे झुबके असतात, आणि त्या झुबक्यांचे जनुक दोन्हीकडून आले की पिल्लू उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यातच मरते. झुबकेवाली जोडी लावली तर चारांत एक याप्रमाणे ही हानी होते. या घरच्या चार मेलेल्या पिल्लांत झुबके नव्हते, म्हणून हे कारण बाजूला पडले. अंडी अरौकाना म्हणून घेतली असतील तर फोडताना कानाजवळ नक्की पाहावे.

विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी विचारायचे ते यातूनच ठरते: अंडी किती दिवसांची, कुठे ठेवली, कोंबड्याचा तुरा कसा, अंगणात दुसरा कोंबडा आहे का, मागच्या पिढीत तपकिरी अंड्याची तलंग निघाली का. कळपाचा आणि कोंबड्याचा ताजा व्हिडिओ मागावा. आणि रंगीत अंडे पुढे विकताना त्यात औषधी गुण असल्याचे सांगू नये. कवचाच्या रंगाने आतले प्रथिन किंवा कोलेस्टेरॉल बदलत नाही. कडकनाथच्या ‘काळ्या अंड्या’बद्दलही असेच पसरवले गेले, कडकनाथचे अंडे फिकट तपकिरीच असते. इस्लामपूरकडे कडकनाथच्या योजनांत २०१९ मध्ये शेतकऱ्यांच्या फसवणुकीचे जे प्रकरण झाले, ते या भागाला सांगायला नको.

पुढची आखणी

एकेरी तुऱ्याचे दोन कोंबडे रंगासाठी ठेवण्यात अर्थ नाही. वाटाणा तुऱ्याच्या तिघांकडे निळी प्रत असण्याची शक्यता दाट आहे, पण बाप बिनरंगाचा असेल तर तेही अर्धेच. त्यांच्यातला एक निवडून, बहिणींवर न लावता, एकेरी तुऱ्याच्या आठ गावरान कोंबड्यांवर लावावा. घरचा जुना कोंबडा आधी काढून तीन आठवडे थांबावे. नर अर्धा असेल तर निम्म्या मुली रंगीत अंडी घालतील आणि त्या लहानपणीच वाटाणा तुऱ्यावरून वेगळ्या काढता येतील. सगळ्याच मुली तपकिरी निघाल्या तर कोंबडा बदलावा. हिरव्या अंड्याच्या तीन तलंगांसाठी दुसरीकडून, वेगळ्या रक्ताचा वाटाणा तुऱ्याचा नर आणावा. त्या जोडीचे जे नर येतील त्यांपैकी काहींच्या दोन्ही प्रती निळ्या असतील. ते ओळखायचे तर बिनरंगाच्या कोंबड्यांवर लावून निदान सहा मुली अंड्यावर येईपर्यंत थांबावे लागते. सहाच्या सहा रंगीत आल्या तर नर अर्धा असण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी उरते.

पिल्लांच्या पायात पहिल्याच दिवशी रंगीत कड्या घालाव्यात, महिन्या-दीड महिन्याने त्या बदलाव्यात, नाहीतर पायात रुततात. पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची दुसऱ्या आठवड्यात, लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात, देवीची लस सहाव्याला, आर-टू-बी (मानमोडीचीच पुढची लस) आठव्याला. आपल्या गावच्या साथीप्रमाणे वेळापत्रक पशुवैद्यकांना विचारून पक्के करावे. अनोळखी कळपातून आलेल्या अंड्यांची पिल्ले घरच्या कोंबड्यांपासून निदान महिनाभर वेगळ्या खुराड्यात ठेवावीत, आणि एकापाठोपाठ पिल्ले दगावली तर ती पुरून टाकण्यापूर्वी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करावी.

तपकिरी अंड्यांच्या तीन तलंगा रंगाच्या पैदाशीत घेऊ नयेत. अंड्यासाठी त्या चांगल्याच आहेत. त्यांच्या पायात वेगळ्या रंगाची कडी घालावी आणि त्यांची अंडी उबवणीच्या टोपलीत मिसळणार नाहीत इतके पाहावे.